सोळाशे मीटरला गाईड नसते

पहाटे पाचच्या सुमारास दौंडच्या बाहेर जाणाऱ्या एखाद्या रस्त्यावर उभे राहावे. अजून उजाडलेले नसते. अंधारातून आधी पावलांचा आवाज येतो आणि मग दहा-बारा तरुण ओळीने धावताना दिसतात. त्यांच्यातला एक जण हातात घड्याळ धरून सेकंद मोजत असतो. राज्य राखीव पोलीस बलाचे क्रमांक ५ आणि क्रमांक ७ हे दोन गट याच दौंडमध्ये आहेत, प्रशिक्षण केंद्र जवळच नानवीजला आहे. या परिसरात वाढलेल्या मुलांना खाकी वर्दीची ओढ लहानपणापासूनच असते. जिल्हा पोलीस भरतीसाठी १६०० मीटर आणि राज्य राखीव दलासाठी ५ किलोमीटर धावावे लागते. शिरूरला, घोड नदीच्या काठच्या गावांतही पहाटेचे दृश्य हेच असते. थंडी असो, पाऊस असो, ही मुले चुकत नाहीत.

आता याच मुलांना सकाळी साडेदहा वाजता महाविद्यालयाच्या वर्गात शोधा. पटावर ऐंशी नावे असलेल्या वर्गात बाकांवर सात-आठ डोकी दिसतील. उरलेली मंडळी कुठे आहेत? काही एसटी स्थानकावर, काही चहाच्या टपरीवर, काही शेतावर, काही कंपनीच्या पाळीवर आणि काही अंथरुणात. परीक्षेच्या आधी पंधरा दिवस ती उगवतील, झेरॉक्सच्या दुकानातून ‘अपेक्षित’ प्रश्नांची बाडे घेतील आणि उत्तीर्ण होतील. हो, उत्तीर्णच होतील! या लेखाला निमित्त झाले आहे ते त्यांच्या नापास होण्याचे नव्हे, तर पास होण्याचे.

या विषयावर बोलताना आपल्याकडे एक ठरलेले प्रवचन झोडले जाते. ‘आजची पिढी आळशी आहे, मोबाइलमध्ये बुडाली आहे, हिला कष्ट नकोत.’ हे प्रवचन प्रस्तुत लेखकाला मान्य नाही. जो मुलगा चार वाजता उठून पाच किलोमीटर धावतो, त्याला आळशी म्हणायचे कोणत्या तोंडाने? मुलगा तोच असतो. पहाटे तो रक्ताचे पाणी करतो आणि साडेदहाला दांडी मारतो. असे का होते, या प्रश्नाला आपण भिडलो पाहिजे.

याचे उत्तर सरळ आहे. सोळाशे मीटरला गाईड नसते. तिथे मित्र आपली हजेरी लावू शकत नाही. धाव वर्षभर न करता शेवटच्या पंधरवड्यात ‘महत्त्वाचे टप्पे’ तेवढे पाठ करून चालत नाही. घड्याळ कुणाच्या ओळखीचे नसते. ही परीक्षा खरी आहे हे मुलाला पक्के ठाऊक असते, म्हणून तो खरा कष्ट करतो. महाविद्यालयाची परीक्षा खोटी आहे हेही त्याला तितकेच पक्के ठाऊक असते, म्हणून तिथे तो तेवढ्यापुरतेच करतो. आपली तरुण मंडळी व्यवहाराला चोख आहेत. वजनाप्रमाणे ती दाम मोजतात. दोष असलाच तर तो बाजारात खोटे माप ठेवणाऱ्यांचा आहे.

पाच जणांचा अलिखित करार

हे खोटे माप चालते कसे, ते पाहू. विद्यापीठाच्या बहुतेक विषयांत शंभरांपैकी तीस गुण अंतर्गत मूल्यमापनाचे आणि सत्तर गुण विद्यापीठाच्या लेखी परीक्षेचे असतात. चाळीस टक्के मिळवले की उत्तीर्ण. अंतर्गत तीस गुणांची कल्पना मुळात उत्तम आहे. वर्षभर मुलगा काय शिकला हे त्याला रोज पाहणाऱ्या शिक्षकाने ठरवावे, असा तिचा हेतू. प्रत्यक्षात काय होते? एका हुशार मुलीची वही वर्गभर फिरते, अक्षरे तेवढी बदलतात. आता तर तेही कष्ट उरलेले नाहीत. भ्रमणध्वनीवर प्रश्न टाकला की कृत्रिम बुद्धिमत्ता अर्ध्या मिनिटात निबंध लिहून देते आणि मुलगा तो न वाचताच सादर करतो. प्राध्यापकही तो न वाचताच त्यावर गुण देतात. लिहिणाऱ्याने लिहिले नाही आणि तपासणाऱ्याने तपासले नाही, तरी गुणपत्रिकेवर पंचवीस उमटतात!

सत्तर गुणांचे गणितही अवघड नाही. मागच्या चार-पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका समोर ठेवल्या की कोणता प्रश्न फिरून येणार याचा अदमास शाळकरी पोरही बांधेल. त्यावरच ‘अपेक्षित’चा धंदा उभा आहे. त्यातूनही काही उरलेच तर बोटभर कागदावर छापलेली ‘मायक्रो झेरॉक्स’ आहेच. परीक्षेतील गैरप्रकारांना शिक्षा करणारा कायदा महाराष्ट्राने १९८२ सालीच केला. चाळीस वर्षे उलटून गेली, तरी दर वर्षी परीक्षा आल्या की ‘कॉपीमुक्त अभियाना’ची घोषणा करावीच लागते. यावरून कायद्याने काय साधले, ते सुज्ञांस सांगणे न लगे.

या व्यवहाराचे भागीदार पाच आहेत. विद्यार्थ्याला वर्गात न बसता पदवी हवी. पालकांना लग्नाच्या परिचयपत्रात आणि अर्जाच्या रकान्यात लिहायला पदवी हवी. संस्थाचालकांना पट हवा, कारण पटावर तुकडी टिकते आणि तुकडीवर शिक्षकांची पदे. प्राध्यापकांना शांतता हवी. आणि शासनाला निकालाची टक्केवारी हवी. पाचांपैकी एकाचेही नुकसान होताना दिसत नाही, म्हणून तक्रार करायला कुणी पुढे येत नाही. चोरीला गेलेल्या मालाचा मालकच जिथे चोरांत सामील असतो, तिथे फिर्याद कोण देणार?

प्राध्यापकांविषयी एक गोष्ट न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे. अनुदानित महाविद्यालयांतील हजारो पदे वर्षानुवर्षे रिकामी राहिली आणि त्या जागी ‘तासिका तत्त्वा’वर माणसे नेमून काम भागवले गेले. उच्चविद्याविभूषित, पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेला तरुण तासाच्या मजुरीवर शिकवतो आणि पुढच्या जूनमध्ये आपण असू की नसू हे त्याला माहीत नसते. अशा माणसाने शिस्तीचा आग्रह धरून पट कमी करण्याचा धोका पत्करावा, ही अपेक्षा करणे सोपे आहे. त्याच्या जागी उभे राहणे मात्र सोपे नाही.

वरून झिरपलेला धडा

ही रीत खेड्यातल्या मुलांनी शोधून काढलेली नाही. ती वरून झिरपली. वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या प्रवेश परीक्षांचे खासगी वर्ग फोफावले, तशी शहरांत ‘टाय-अप’ची पद्धत रुजली. नाव एका कनिष्ठ महाविद्यालयात आणि मुलगा दिवसभर खासगी वर्गात. नाव लावण्यासाठी हजेरीचा आग्रह न धरणारे आडगावचे महाविद्यालय सोयीचे ठरू लागले. शेवटी जून २०१८ मध्ये राज्य सरकारला मुंबई-पुण्यासह पाच विभागांतील विज्ञान शाखेच्या अकरावी-बारावीसाठी बायोमेट्रिक हजेरी सक्तीची करावी लागली. मुलांनी वर्गात यावे म्हणून अंगठ्याचे ठसे घ्यावे लागतात, यातच सारे आले.

मग करोना आला. २०२० मध्ये अंतिम वर्षाच्या परीक्षाच नकोत, अशी भूमिका राज्य सरकारने घेतली होती. सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले की परीक्षेविना पदवी देता येणार नाही. त्यानंतर घरबसल्या, बहुपर्यायी प्रश्नांच्या परीक्षा झाल्या. संकटकाळात ती तडजोड अपरिहार्य होती, हे मान्य. परंतु संकट गेले आणि सवय मागे राहिली. वर्गाची पायरी न चढताही पदवी मिळते, हे एका संपूर्ण पिढीने डोळ्यांनी पाहिले. एकदा पाहिलेले विसरायला लावणे कठीण असते.

झळ कुणाला?

कुणी विचारील, सगळेच असे करतात तर बिघडले कुठे? बिघडते, आणि ते सर्वांचे सारखे बिघडत नाही.

पुण्यातल्या सुखवस्तू घरातील मुलगा वर्गात गेला नाही तरी त्याच्या घरात पुस्तके असतात, कानावर इंग्रजी पडते, काका-मामांच्या ओळखी असतात. त्याला महाविद्यालय हे अनेक दारांपैकी एक दार असते. न्हावरे, पाबळ, रावणगाव, मलठणच्या मुलाला मात्र ते एकच दार असते. त्याच्या घरात दहावीच्या वर शिकलेले बहुधा कुणी नसते. ज्ञानाशी त्याची गाठ पडायची ती त्या तीन वर्षांतल्या, रोजच्या त्या चार तासांतच. ते चार तास त्याने चुकवले, तर भरपाई करणारे दुसरे काहीही त्याच्यापाशी नसते. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

त्याचा हिशेब कारखान्याच्या फाटकावर होतो. शिरूर तालुक्यात रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे, दौंड तालुक्यात कुरकुंभची. स्थानिकांना नोकऱ्यांत प्राधान्य मिळावे, हे शासनाचे धोरण जुने आहे आणि ही मागणी रास्तच आहे. ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्या मुलांचा पहिला हक्क आहे. पण फाटकाच्या आत गेल्यावर काय दिसते? विज्ञानाचा पदवीधर असलेला आपला मुलगा ठेकेदाराच्या हाताखाली खोकी उचलतो आणि प्रयोगशाळेत, गुणवत्ता तपासणीत, हिशेबाच्या टेबलावर बाहेरगावचा माणूस बसतो. रसायनशास्त्राच्या पदवीधराला द्रावणाची तीव्रता काढता येत नसेल, तर कोणत्या मोर्चाने त्याला त्या टेबलावर बसवता येईल? मोर्चा फाटक उघडून देईल. आतले काम ज्याचे त्यालाच यावे लागते.

दौंड हे रेल्वेचे गाव. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला, तेव्हापासून पिढ्यान्पिढ्या इथली घरे रेल्वेवर जगली. सिग्नल न ओळखणारा माणूस ‘अपेक्षित’ वाचून इंजीनचालक झाला आहे असे कळले, तर त्या गाडीत एक तरी दौंडकर चढेल काय? मग न शिकलेला शिक्षक आपल्या नातवंडांच्या वर्गात, न शिकलेला लेखनिक आपल्या सात-बारा उताऱ्यावर आणि न शिकलेला तंत्रज्ञ आपल्या रक्ताच्या नमुन्यावर आपण कसा चालवून घेतो? तिथला अपघात रुळांवरच्या अपघातासारखा आवाज करीत नाही, एवढाच काय तो फरक.

सर्वांत जबर झळ मात्र मुलींना बसते, आणि तिच्याविषयी कुणी बोलत नाही. शिरूर तालुक्यातील एका वस्तीवरची मुलगी. गावापासून रस्त्यापर्यंत दोन किलोमीटर चालायचे आणि मग एसटी. घरच्यांशी वर्षभर भांडून तिने महाविद्यालयात नाव घातले. पहिले काही दिवस ती नेमाने गेली. कधी तास झाला, कधी ‘मुलेच नाहीत’ म्हणून झाला नाही. दुपारी दोनऐवजी बारालाच ती घरी परतू लागली. वडिलांनी विचारले, ‘तास होतच नाहीत तर रोज कशाला जातेस? परीक्षेला जा की!’ या प्रश्नाला तिच्यापाशी उत्तर नव्हते, कारण प्रश्न चुकीचा नव्हता. ती घरी बसली. घरी बसलेल्या मुलीचे पुढे काय होते, ते ग्रामीण भागातील वाचकांना वेगळे सांगायला नको. पुढच्या लग्नसराईत तिच्या हळदीचे आमंत्रण आले. जी मुले ‘तास बुडवला तर कुणाचे काय गेले’ असे म्हणतात, त्यांनी या मुलीकडे पाहावे. त्यांच्या रिकाम्या बाकांनी तिच्या हातातला एकमेव युक्तिवाद काढून घेतला.

एक कबुली

हे सारे लिहिण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकाला तरी आहे काय? स्पष्टच सांगतो. मीही कला शाखेचा असाच पदवीधर आहे. साडेतीन दशकांपूर्वी राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र हे विषय घेऊन, गाईडच्या बळावर, दुसऱ्या वर्गात उत्तीर्ण झालो. अर्थशास्त्राच्या तासाला आम्ही चौघे-पाचजण असलो तरी सर शिकवत. एकदा तर एकटाच विद्यार्थी आला होता आणि सरांनी पाऊण तास फळ्यावर अंदाजपत्रक समजावून सांगितले, असे ऐकले होते. आम्ही कँटीनमध्ये त्यावर हसलो होतो.

पुढे पत्रकारितेत आलो. पहिल्याच वर्षी एका पंचायत समितीच्या अंदाजपत्रकावर बातमी करायला पाठवले गेले. महसुली आणि भांडवली खर्च यांतला फरक मला सांगता येईना. कोणता निधी कुठे वळवला, हे त्या कागदांवर काळ्यावर पांढरे लिहिलेले असूनही मला दिसेना. मी सभेतली वादावादी तेवढी लिहून आणली. महिनाभराने त्याच कागदांवरून दुसऱ्या वृत्तपत्राच्या वार्ताहराने पाणीयोजनेचा पैसा कसा भलतीकडे गेला, ते छापले. तो एकट्याने तासाला बसलेला विद्यार्थी नव्हता, ही योगायोगाची कृपा. पण असू शकला असता. त्या गावांतल्या बायका आणखी एक उन्हाळा डोक्यावर हंडे वाहत राहिल्या असत्या, तर त्यातला थोडा वाटा माझ्या बुडवलेल्या तासांचा असता. जे तिथे तीन वर्षांत फुकट मिळत होते, ते पुढे दहा वर्षे ठेचा खात शिकलो.

टिळकांचा दाखला देणाऱ्यांस

दांडीचे समर्थन करताना लोकमान्यांचे नाव घेण्याची आपल्याकडे फॅशन आहे. टिळकांनीही डेक्कन कॉलेजात एक वर्ष अभ्यास सोडून व्यायामच केला, असे सांगितले जाते. ते खरे आहे. पण उरलेले कुणी सांगत नाही. प्रकृती काटक केल्यावर त्याच टिळकांनी गणितासारखा विषय घेऊन पहिल्या वर्गात बी.ए. केले. वर्षभर तालमीत घाम गाळणे आणि वर्षभर टपरीवर बसणे, यांना एकाच शब्दाने संबोधणे हा शब्दांचाही अपमान आहे. तालमीतल्या माणसाला एक गोष्ट नेमकी कळते. दुसऱ्याने जोर काढून आपली छाती भरत नाही. टिळकांनी तीच गोष्ट गणितातही ओळखली होती.

येथे आपल्या घरातही डोकावले पाहिजे. सार्वजनिक कामात असणारी तरुण मुले ‘कामामुळे वर्गाला जमत नाही’ असे अभिमानाने सांगतात, आणि आपण ज्येष्ठ मंडळी कौतुकाने मान डोलावतो. १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कपड्यांची होळी पेटवली म्हणून विद्यार्थिदशेतील सावरकरांना फर्ग्युसनच्या वसतिगृहातून काढण्यात आले, दहा रुपये दंडही झाला. तरी त्यांनी बी.ए. अर्धवट सोडली नाही. देशकार्य हे अभ्यास चुकवण्याचे निमित्त होऊ शकत असते, तर सर्वांत आधी ते त्यांना लाभले असते. कार्यकर्ता म्हणवणाऱ्या विद्यार्थ्याची हजेरी वर्गात सर्वांत जास्त असली पाहिजे. अन्यथा समाजाला शिस्त शिकवण्याचा त्याचा अधिकार संपतो.

‘गरिबीमुळे काम करावे लागते, म्हणून वर्गाला येता येत नाही’ ही अडचण मात्र खरी आहे आणि तिला उत्तर देणे समाजाचे कर्तव्य आहे. ते उत्तर महाराष्ट्रात सापडलेलेही आहे. १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ हा मंत्र दिला. कर्मवीर ‘कमवा’ म्हणाले, पण ‘शिका’ हा शब्द त्यांनी गाळला नव्हता. विद्यापीठाची याच नावाची योजना आजही आहे. तिचा विस्तार व्हावा, कंपनीत पाळीवर जाणाऱ्या मुलांसाठी तास भल्या सकाळी ठेवावेत, आणि त्यासाठी संस्थाचालकांनी कारखान्यांशी बोलावे.

माप खरे करा

बाकीचे उपायही डोंगराएवढे नाहीत. अंतर्गत तीस गुणांपैकी निम्मे तरी प्रत्येक मुलाला समोर बसवून, दहा मिनिटे तोंडी विचारून द्यावेत आणि विचारणारा शेजारच्या महाविद्यालयातला असावा. शिरूरच्या प्राध्यापकांनी दौंडला जावे, दौंडच्यांनी शिरूरला यावे. उतरवलेली वही दहा मिनिटांत उघडी पडते. प्रश्नपत्रिकेत निदान निम्मे प्रश्न असे असावेत, की जे मागच्या पाच वर्षांत आलेले नाहीत. रिकामी पदे पूर्णवेळ भरावीत. आणि एक जरी विद्यार्थी आला तरी तास व्हावाच, असा दंडक प्रत्येक महाविद्यालयाने स्वतःला घालून घ्यावा.

पालकांचे काम याहून सोपे आहे. कालव्याच्या आवर्तनात आपल्या पाण्याची पाळी रात्री दोनला आली, तर दौंडचा शेतकरी बॅटरी घेऊन बांधावर जातो. पाणी शेवटच्या सरीपर्यंत पोहोचले की नाही, ते स्वतः पाहतो. पाटकऱ्याच्या वहीत ‘पाणी दिले’ अशी नोंद आहे, एवढ्यावर त्याचे समाधान होत नाही. मुलाच्या शिक्षणाबाबत मात्र तो वहीतल्या नोंदीवर विसंबतो. सहा महिन्यांतून एकदा महाविद्यालयात जावे. या महिन्यात तास किती झाले, माझा मुलगा किती तासांना बसला आणि सध्या काय शिकवले जात आहे, एवढे तीन प्रश्न विचारावेत. गावातले पाच पालक मिळून गेले, तर ते प्रश्न टाळणे कुणालाही जमणार नाही.

तरुणांना उपदेश करण्याची गरज नाही. पहाटेच्या अंधारात त्यांनी आपली पात्रता सिद्ध केलेली आहे. त्यांच्यासमोर खरे माप ठेवा, ते खऱ्या कष्टाने भरून देतील. ते ठेवण्याची हिंमत आपण, म्हणजे पालक, शिक्षक, संस्थाचालक आणि शासन दाखवतो की नाही, एवढाच प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर पुढच्या जूनपर्यंत थांबवून ठेवण्याचे काहीही कारण नाही.